रॉकचा नाद आणि नाममुद्रेचा प्रश्न

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव मराठी वाचकाला ठाऊक असते ते बहुधा एका आडनावामुळे. नरहर कुरुंदकर यांचा जन्म १९३२ साली नांदापूर येथे झाला असला, तरी त्यांच्या घराण्याची मुळे या गावातली. आणि ज्या व्यासंगी माणसाने नांदेडच्या अध्यापनाच्या धबडग्यातही भरताच्या नाट्यशास्त्राचा पिच्छा कधी सोडला नाही, त्याच्या गावात बसून विजेच्या गिटारींवर वाजणाऱ्या संगीताविषयी लिहिण्यात वाटते तितकी विसंगती नाही. नाट्यशास्त्राच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग सांगितले आहेत. आजचा कोणताही रॉकबँड त्या दप्तरात बिनतक्रार नोंदवता येतो: गिटार आणि बेस ततवाद्यांत, ड्रम अवनद्धात, त्यांच्या माथ्यावरच्या झांजा घनवाद्यांत. वाद्यांचा प्रश्न भरताने दोन सहस्र वर्षांमागेच निकालात काढल्यासारखा आहे. जो प्रश्न उरतो तो वाद्यांचा नव्हे, वाणीचा आहे.

बँडमधली मंडळी आपल्या कामाविषयी बोलू लागली, की एक वाक्य हमखास ऐकू येते: आमचा साऊंड आता बदलतो आहे, पुढचा अल्बम निराळा असेल. हे वाक्य खोटे नसते. परंतु नाद बदलतो म्हणजे नेमके काय बदलते, याची झडती सहसा कोणी घेत नाही. गिटारीचा पेडल नवा आला, ड्रमवाला बदलला, एखादी तबल्याची जोड बाजूला बसवली, एवढ्याने नादाचा पोत पालटतो, प्रकृती पालटत नाही. ती पालटते तेव्हा बहुधा गाण्याचे शब्द कोणाचे, ते ऐकणारा समुदाय कोणता आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च सोसून त्यावर हक्क सांगणारा कोण, या तीन बाबींपैकी एकीत तरी फेरफार झालेला असतो. महाराष्ट्र व गोव्यातील गेल्या पन्नास वर्षांचा दाखला या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

आरंभ अर्थातच अनुकरणात आहे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. १९७० व १९७१ साली 'सिमला' नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीखातर देशभरातील तरुण वाद्यमेळांच्या स्पर्धा भरल्या आणि त्यांतील निवडक गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या. संगीताचा आश्रयदाता संस्थानिक होता तेव्हा दरबारी अस्थाई जन्मली. आश्रयदाता तंबाखूचा व्यापारी झाला तेव्हा इंग्रजी गाण्यांच्या नकला जन्मल्या, एवढाच काय तो भेद. मुंबईच्या ज्या पिढीने त्या काळात इंग्रजी रॉक गायले, तिच्यात नंदू भेंडे हे एक होते. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांच्या घरात वाढलेल्या या गायकाच्या कानावर मराठी रंगभूमी लहानपणापासूनच असणार. अलेक पदमसी यांच्या 'जीझस ख्राईस्ट सुपरस्टार'मध्ये त्यांनी जूडस उभा केला. आणि पुढे १९७८ साली पुण्याच्या थिएटर अॅकॅडमीने, जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली, पु. ल. देशपांडे यांचा 'तीन पैशाचा तमाशा' रंगभूमीवर आणला, तेव्हा त्यातील अंकुशची भूमिका नंदू भेंडे यांच्याकडेच आली.

या प्रयोगाचे महत्त्व मराठी नाट्यसमीक्षेने ओळखले, पण संगीताच्या इतिहासाच्या अंगाने त्याची कैफियत अद्याप नीट मांडली गेलेली नाही असे मला वाटते. ब्रेश्टचे मूळ नाटक १९२८ सालचे, त्याच्याही मागे जॉन गे याचे १७२८ सालचे इंग्रजी संगीतक. अशा दुहेरी उसनवारीतून आलेल्या कथेला पुलंनी मराठी जिभेचा जो खोडसाळपणा दिला, त्यामुळे पाश्चात्त्य धाटणीच्या चाली नाट्यपदाच्या शेजारी येऊन बसल्या आणि उपऱ्या वाटल्या नाहीत. रॉकच्या गळ्याला त्या दिवशी मराठी शब्द मिळाले, आणि ते शब्द नवे होते. कोणा पूर्वसूरीच्या पोथीतून काढलेले नव्हते. दुर्दैव असे, की हा धागा नाटकाच्या प्रयोगसंख्येबरोबर सरला. त्याच्या पाठोपाठ मराठी रॉकचा एखादा पंथ उभा राहावा, तसा तो राहिला नाही.

स्वतंत्र बाण्याचा खरा धडा मिळाला तो गोव्यात, शिवोलीला. रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली 'गोअन क्रेझी' ही कॅसेट आपल्या घरातच, चार ट्रॅकच्या छोट्या यंत्रावर, जवळजवळ सर्व वाद्ये स्वतः वाजवून मुद्रित केली आणि स्कूटरवर फिरून गोव्यातील दुकानदारांकडे ती स्वतःच पोहोचवली. कंपनी नाही, मक्तेदार नाही, मध्यस्थ नाही. आज ज्याला 'इंडी' म्हणतात त्याची सगळी लक्षणे या एका कृतीत आहेत. चार ट्रॅकांची मर्यादा ध्यानात घेतली म्हणजे त्या कॅसेटमधील वाद्यरचना इतकी नेटकी का, याचाही उलगडा होतो: जागा थोडी असली की प्रत्येक वाद्याला आपल्या हजेरीचे कारण द्यावे लागते. ज्या माणसाच्या हाती यंत्र, हिशेब आणि वाटप तिन्ही होती, त्याने गोव्याच्या माणसांवर गाणी लिहिली, हा मला योगायोग वाटत नाही.

त्याच १९८४ साली मुंबईत 'रॉक मशीन' नावाचा वाद्यमेळ स्थापन झाला. उदय बेनेगल यांचा आवाज, महेश तिनैकर यांची गिटार, झुबिन बालापोरिया यांचा कीबोर्ड; ही नावे मुंबईच्या रॉकच्या बखरीत कायमची आहेत. इतरांची गाणी हुबेहूब वाजवून टाळ्या मिळवण्याचे ते दिवस होते. आय-रॉक नावाचा महोत्सव १९८६ पासून भरू लागला आणि धोबीतलावच्या रंगभवनाच्या खुल्या आकाशाखाली पोरांची गर्दी लोटू लागली. अशा वातावरणात १९८८ साली या मंडळींनी 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा स्वतःच्या रचनांचा अल्बम काढला, १९९० साली 'द सेकंड कमिंग' आला, आणि १९९३ साली त्यांनी चक्क नाव बदलून 'इंडस क्रीड' केले. नाव बदलणे ही बँडच्या व्यवहारात जोखमीची बाब असते, कारण जमवलेला लौकिक जुन्या नावाच्या खात्यावर जमा असतो. तरीही ते बदलले, याचा अर्थ जुने यंत्र आणि नवा नाद यांचा मेळ बसेनासा झाल्याचे त्यांनी स्वतःशी कबूल केले होते. नावात सिंधू आली. गाणी मात्र इंग्रजीतच राहिली.

१९९५ साली नव्या नावाचा अल्बम निघाला आणि त्यानंतर दोनेक वर्षांत मेळ विखुरला. पुन्हा जमला तो २०१० साली, नवा ड्रमवादक आणि नवा बेसवादक घेऊन; आणि २०१२ साली जो अल्बम आला त्याचे नाव 'इव्हॉल्व्ह', म्हणजे उत्क्रांतीचा शब्द थेट मुखपृष्ठावर. त्याचे मिश्रण टिम पामर या नामांकित विलायती ध्वनितंत्रज्ञाने केले. दोन अल्बमांमध्ये सतरा वर्षांचे अंतर पडलेल्या माणसांचे वाजवणे कसे असेल, याची मला उत्सुकता होती. ते ऐकताना जाणवते ती घाईची अनुपस्थिती: गाणी लांब आहेत, गिटार आरडाओरड करत नाही, आणि कीबोर्डला पार्श्वभूमीवरून पुढे येण्याची मुभा आहे. कारागिरीच्या दृष्टीने हे त्यांचे सर्वांत परिपक्व काम होय, असे मी निःशंकपणे म्हणेन. परंतु ज्या श्रोत्यांनी रंगभवनात उभे राहून त्यांना मोठे केले, तो समुदाय तोवर पांगला होता. शांतताक्षेत्राच्या नियमापायी रंगभवनातले रॉकचे जलसेही केव्हाच बंद पडले होते. नाद परिपक्व झाला आणि सभा उठून गेली, ही गोष्ट संगीताच्या इतिहासात नवी नाही.

मराठीच्या बाजूने अलीकडे जे घडते आहे ते याच्या नेमके उलट आहे. मुंबईच्या 'अभंग रिपोस्ट'सारख्या वाद्यमेळांनी संतांचे अभंग घेतले, त्यांना बेस, ड्रम आणि गिटारीचा साज चढवला, आणि महाविद्यालयीन पोरांच्या तोंडी विठ्ठलाचे नाम आणले. सभा तयार होती. शब्द तिच्या कानात जन्मापासून होते. बँडने फक्त नाद पुरवला. यावर नाक मुरडणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की आमच्याकडील भजनी मंडळे सिनेमाच्या चालींवर अभंग म्हणत आली आहेत, आणि त्यामुळे ना विठोबा विटेवरून उतरला ना वारी थांबली.

हा मेळ बसतो कसा, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. मोठ्या अभंगाच्या चरणांत अक्षरे सहा, सहा, सहा आणि चार अशी पडतात. दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचे यमक जुळते आणि चौथा चरण आखूड राहतो. भजनात ही उणीव गवई शेवटची चार अक्षरे लांबवून भरून काढतो, नाहीतर टाळकरी ती झेलतात. रॉकच्या बांधणीत त्याच मोकळ्या जागेत गिटारीची रिफ येऊन बसते, आणि ती इतकी चपखल बसते, की ज्ञानदेवांच्या काळापासून ती जागा कोणासाठी तरी राखून ठेवली होती की काय, असा भास व्हावा. तालाचे मात्र तसे नाही. भजनी ठेक्यात टाळ प्रत्येक मात्रा भरून काढतात. रॉकचा स्नेअर चारांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आघात करतो. इंग्रजी शब्दांना अंगचाच आघात असतो, म्हणून त्यांना हा ठोका मानवतो. मराठी शब्द समतल चालतो, त्याच्या मधल्याच अक्षरावर घाव पडला की तो लंगडतो. चांगले गायक शब्द किंचित अलीकडे ओढून हा घाव चुकवतात. जेथे हे साधत नाही तेथे अभंग एकीकडे, ड्रम दुसरीकडे, अशी फारकत ऐकू येते, आणि ध्वनिमुद्रणात ती अधिकच उघडी पडते.

ध्वनिमुद्रणाची कथा निराळी आहे. स्टुडिओत ड्रमवाला कानात ठोक्याचे यंत्र लावून आधी आपला भाग देऊन जातो, मग बेस, मग गिटार, आणि गायक सर्वांत शेवटी, कधी कधी दुसऱ्याच दिवशी, एकटा काचेमागे उभा राहून गातो. अभंगाची घडण याच्या अगदी विरुद्ध आहे. एकाने म्हणायचे आणि सर्वांनी उचलायचे, हा तिचा कायदा. म्हणून हे बँड मैदानात जितके रंगतात तितके मुद्रणात रंगत नाहीत, असा माझा अनुभव आहे. मुद्रणात सभेची जागा एकाच गळ्याचे चार थर घेतात. शिवाय माध्यमाची सक्ती आहेच. १९०२ साली या देशात तबकड्यांचे मुद्रण सुरू झाले तेव्हा एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मावत, आणि मोठमोठ्या खाँसाहेबांना आपला ख्याल तेवढ्यात आटोपावा लागे. आज स्पॉटिफायवर गाणे ३० सेकंद वाजले तरच ते ऐकले असे धरले जाते, त्यामुळे संथ प्रस्तावनेवर कात्री चालते. बँड म्हणतो साऊंड बदलला. त्या बदलाच्या हुकुमावर सही कोणाची, हे पाहिले पाहिजे.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळतो, कारण या वादातील निर्णायक साक्ष येथेच आहे. परंपरेनुसार नामदेवांचा जन्म १२७० सालचा आणि गाव नर्सी. औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांनी त्यांना गुरूपदेश केला, अशी आख्यायिका. दोन्ही ठिकाणे हिंगोली जिल्ह्यात आहेत. नामदेवांपुढे अभंग आणि ओवी तयार होती, कीर्तनाची सभा होती, टाळ होते. त्यांनी साचा घेतला, वाणी स्वतःची घातली आणि प्रत्येक रचनेच्या अखेरीस आपले नाव नोंदवले. पुढे ते पंजाबात गेले तेव्हा तेथील लोकभाषेत बोलले. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात रागनिर्देशासह आहेत. मुलूख बदलला, भाषा बदलली, ऐकणारे बदलले, तशी रचनाही बदलली. आणि हे सारे स्वतःच्या नाममुद्रेखाली. अनेक शतके टिकलेल्या या ध्वनिमुद्रणास यंत्र लागले नाही.

त्या मानाने आजच्या अभंग-बँडांनी वारसाहक्काने आलेली जमीन कसली आहे; पीक चांगले आहे, पण सातबारा अजून संतांच्याच नावावर आहे. त्यांचा तरुण श्रोता आज जे सोसतो, म्हणजे पीकविम्याची वाट, स्पर्धापरीक्षांची वर्षे, पुण्याच्या भाड्याच्या खोलीतील एकटेपणा, ते तुकोबांच्या शब्दांत अप्रत्यक्षपणे सापडेलही. पण प्रत्यक्ष ते कोणीतरी आज लिहायला हवे. कुरुंद्याने २०२२ च्या जुलैत नदीचे पाणी घरांत शिरलेले पाहिले. त्याच तालुक्याच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. यांपैकी कशावरही मराठी रॉकचे एखादे गाणे माझ्या ऐकिवात नाही. इंडस क्रीडपाशी स्वतःच्या रचना होत्या पण या मुलखाची भाषा नव्हती. अभंग-बँडांपाशी भाषा आहे पण स्वतःच्या रचना नाहीत. १९७८ सालच्या त्या तमाशात दोन्ही एकत्र आले होते, म्हणजे हे अशक्य आहे अशी सबब कोणाला सांगता यायची नाही.

तेव्हा पुढच्या अल्बमाची तयारी करणाऱ्या मराठी वाद्यमेळांना विनंती एवढीच, की नऊ अभंग अवश्य घ्या, परंतु दहावे गाणे तुमचे असू द्या, आणि त्याच्या शेवटच्या चरणात नामा किंवा तुका यांच्या ठिकाणी तुमचे नाव येऊ द्या.