वाट पाहणाऱ्यास उत्तर हवे



आपल्या संगणककक्षात गतवर्षी एका मुलाने यंत्राची कळ दाबली. पडदा काळाच राहिला. त्याने कळ पुन्हा दाबली, मग दाबून धरली. सुरू होऊ पाहणारे यंत्र त्यामुळे बंद पडले. दोष मुलाचा होता काय? मला तसे वाटत नाही. त्याच्या मनातील प्रश्नास यंत्राने उत्तरच दिले नव्हते.

कळ दाबल्यावर संगणक स्वस्थ बसलेला नसतो. प्रथम तो स्मृती, कळफलक इत्यादी अवयव तपासतो. नंतर कार्यप्रणालीचा गाभा तबकडीवरून स्मृतीत आणतो. मग अनेक लहानमोठ्या सेवा सुरू करतो आणि शेवटी चित्रे मांडलेला पडदा दाखवतो. या काळात तबकडीवर काही लिहिले जात असताना वीज तोडल्यास माहिती बिघडू शकते. म्हणून वाट पाहणाऱ्यास धीर देणे ही केवळ शोभेची बाब नव्हे.

जेकब नील्सन यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात तीन मर्यादा सांगितल्या आहेत. ०.१ सेकंदात मिळालेले उत्तर तत्काळ वाटते. १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. १० सेकंदांनंतर मात्र लक्ष उडते. तेव्हा दीर्घ कामात किती झाले व किती उरले, हे दाखवलेच पाहिजे. बिदर स्थानकावर हैदराबादच्या गाडीची वाट पाहणाऱ्या उतारूस 'गाडी भालकीहून सुटली' एवढे कळले, तरी तो निश्चिंत बसतो.

परंतु ही सूचना खरी हवी. नुसते फिरणारे वर्तुळ यंत्र अडकले तरी कित्येकदा फिरतच राहते. कामांची केवळ संख्या मोजणारी पट्टीही फसवते, कारण दहांपैकी नऊ कामे झटकन आटोपतात आणि दहावे रेंगाळते. २००८ साली 'फेडोरा'च्या दहाव्या आवृत्तीत आलेला 'प्लायमाउथ' हा कार्यक्रम मागील आरंभास लागलेला वेळ नोंदवून ठेवतो व त्यावरून पट्टी पुढे सरकवतो. पूर्वानुभवावर आधारलेला हा अंदाज अधिक प्रामाणिक होय. त्याचप्रमाणे, चित्रे दिसू लागली पण यंत्र अद्याप सिद्ध नाही, हेही स्पष्ट सांगावे. नाहीतर आपण पुनःपुन्हा टिचकी मारतो आणि एकाच कार्यक्रमाच्या चार खिडक्या उघडतात.

शिवाय सूचना समजणाऱ्या भाषेत हवी. माझी घरची भाषा कोंकणी, शाळेची मराठी आणि बाजाराची कन्नड. 'सी-डॅक'ने २००७ मध्ये प्रसृत केलेल्या 'बॉस' या कार्यप्रणालीत या तिन्ही भाषांची सोय आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

तुमच्यापैकी कोणी पुढे संगणकाचे कार्यक्रम लिहील. त्याने कळ दाबून धरणाऱ्या त्या मुलाचे स्मरण ठेवावे. यंत्रास वेळ लागला तर माणूस थांबतो. पण आपण कशासाठी थांबलो आहोत, हे त्याला कळले पाहिजे.