दाखवण्याचे गाणे आणि पारखण्याचे गाणे

पुणे-मिरज लोहमार्गावरील लोणंद हे कांद्याच्या बाजारपेठेचे गाव असून, आषाढी वारीत नीरा ओलांडल्यावर ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा सातारा जिल्ह्यातील पहिला मुक्काम येथेच पडतो. पालखीतळावर हरवलेल्यांची नावे पुकारणारा कर्णा आणि गणेशोत्सवात ट्रॉलीवर रचलेली, सातारा-सांगलीकडे सरसकट ‘डॉल्बी’ म्हटली जाणारी स्पीकरची भिंत, अशी ध्वनियंत्रणेची दोन टोके या भागाच्या परिचयाची आहेत. कर्ण्याची परीक्षा सोपी आहे: नाव स्पष्ट कळले की झाले. भिंतीची सुपारी देण्यापूर्वी मात्र ती ‘वाजवून’ बघायची असते, त्या वेळी बहुधा साउंडवाल्याच्याच पसंतीचे रिमिक्स लागते, आणि फसगत तेथेच सुरू होते.

अशा रिमिक्सचे ‘कॉम्प्रेशन’ केलेले असते, म्हणजे हळू व मोठ्या आवाजातील अंतर कमी करून सारे काही जवळजवळ एकाच पातळीवर आणलेले असते, आणि ठोका मुद्दाम फुगवलेला असतो. माणसाच्या कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला तितकी कंपने, एवढ्या पट्ट्यातील ध्वनी ऐकू येतात. त्यातील अगदी खालचा तुकडा छातीत घुमला की वरच्या साऱ्या उणिवा ऐकणारा आपोआप माफ करतो. वॅटच्या आकड्यांनीही भुलू नये, कारण शक्ती दुप्पट केली तरी आवाजाची पातळी जेमतेम ३ डेसिबलने वाढते. ॲम्प्लिफायर कुवतीबाहेर ताणला की ध्वनिलहरीचे माथे छाटले जातात. या ‘क्लिपिंग’मुळे आवाज फाटतो आणि बऱ्याचदा ‘टॉप’मधील, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या पेटीतील, नाजूक ड्रायव्हर जळतो.

खरी पारख करणारा ध्वनी याच लोहमार्गावर पुढे, मिरजेत घडतो. तेथील सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून ‘जवारी’ लावली जाते, तेव्हा तार घोडीच्या किंचित वक्र पृष्ठाला चाटून जाते आणि मूळ स्वराबरोबर त्याच्या पटीतील अनेक उपस्वर उजळतात. खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो तो त्यामुळेच, कारण मूळ कंपनसंख्येची पाचपट तेथे आयती हजर असते. ही झणत्कारयुक्त आस वरच्या पट्ट्यांपर्यंत पोचते, म्हणजे ‘क्रॉसओव्हर’ने ध्वनी मोठ्या स्पीकरकडून हॉर्नकडे सोपवण्याची जी सीमा असते तिच्या दोन्ही बाजूंना ती पसरलेली असते. या सीमेवरची जोडणी बिघडलेली असेल तर नुसत्या तंबोऱ्याचा आवाज नाकातून आल्यासारखा होतो किंवा गंधार मावळतो. रिमिक्समध्ये हा दोष कोणाच्या कानावरही येणार नाही.

दुसरी कसोटी दिंडीतली. मृदंगाच्या डाव्या तोंडावर कणीक लावलेली असल्याने त्याचा नाद खोल येतो, पण तो हाताबरोबर थांबतोही. बेस ढिला असेल तर एका थापेचे शेपूट पुढच्या थापेवर चढते. टाळ धातूचा वाटला पाहिजे, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चुरचुरता कामा नये. येथे फाइलही महत्त्वाची ठरते. एमपी-३ पद्धत ध्वनीतील कानाला न जाणवणारा भाग वगळून फाइल लहान करते, आणि ती घडवणाऱ्या कार्लहाइन्झ ब्रँडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगा यांचे वाद्यविरहित ‘टॉम्स डायनर’ हे गाणे कसोटीला घेतले होते, कारण एकट्या मानवी आवाजात झालेली चूक लपत नाही. सेकंदाला १२८ किलोबिट दराच्या फाइलमध्ये टाळाचे हाल सर्वांत आधी होतात.

चित्रपटगीतच हवे असेल, तर ‘सैराट’ (२०१६) उपयोगी आहे. अजय-अतुल यांनी त्यासाठी पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण हॉलिवूडमध्ये केले. मिरवणुकीत ‘झिंगाट’ वाजते, पण यंत्रणा जोखायला ‘याड लागलं’ लावावे आणि व्हायोलिनांचा समूह गायकाच्या मागे उभा राहतो की त्याच्या अंगावर येतो, ते ऐकावे.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, तेव्हा नुसत्या मोठ्या आवाजावर यंत्रणा निवडण्यात अर्थ नाही. म्हणून मंडळांनी आपल्या पेन ड्राइव्हवर तंबोरा, अभंग आणि एक गाणे न्यावे, इक्वलायझर सरळ ठेवायला लावावा, प्रथम हलक्या आवाजात ऐकावे आणि मगच विसार द्यावा.