कुठली शिरोली?

कोल्हापूरच्या स्टँडवर ‘एक शिरोली’ एवढंच म्हणून बघा. कंडक्टर मशीनचं बटण दाबायच्या आधी विचारणार, “कुठली? पुलाची का दुमाला?” दोन्ही शिरोल्या दोन दिशांना. पुलाची शिरोली पंचगंगेच्या पुलापलीकडं, हायवेला. २०१९च्या महापुरात तिथंच पाणी चढलं आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक कित्येक दिवस ठप्प झाली.

आमच्याकडं गावाच्या नावापेक्षा नावाचं शेपूटच जास्त बोलतं. करवीर तालुक्यात निगवे दुमाला आहे, तसं निगवे खालसाही. दुमाला म्हणजे इनामात दिलेलं गाव आणि खालसा म्हणजे ज्याचा सारा थेट सरकारात जमा व्हायचा ते. इनामं गेली, पण सातबाऱ्यावर आणि एसटीच्या पाटीवर शेपटं शाबूत. कागलकडं कसबा सांगाव आणि मौजे सांगाव. कसबा म्हणजे बाजारपेठेचं गाव, मौजे म्हणजे साधं खेडं. मौजेकरांना हे आवडत असेल असं वाटत नाही! पन्हाळ्याकडं पोर्ले तर्फ ठाणे आणि पोर्ले तर्फ बोरगाव. इथला ‘तर्फ’ जुन्या महसुली विभागाचा, ठाण्याचा मुंबईशी काडीचा संबंध नाही.

गडहिंग्लजला कन्नड शेजारी. तिथं हेब्बाळ जलद्याळ आणि हेब्बाळ कसबा नूल अशी दोन गावं, दोघांचीही ओळख शेजारच्या गावावरून. बेंगळुरूतलं हेब्बाळ तिसरं, तिथं मात्र एसटीनं जाऊ नका.

सगळ्यात मोठी फसगत जोतिबाची. डोंगरावरच्या त्या गावाचं कागदोपत्री नाव ‘वाडी रत्नागिरी’. हापूसवाली रत्नागिरी घाट उतरून, पार समुद्राकाठी. आणि नुसतं ‘वाडीला चाललोय’ म्हटलं, तर अर्थ तिसराच, नरसोबाची वाडी! तिथं पंचगंगा कृष्णेला मिळते. पूर आला की पाणी मंदिरात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिण दारानं बाहेर पडतं, आणि त्या ‘दक्षिणद्वारा’त न्हायला माणसं पुरातसुद्धा गर्दी करतात.

पंचगंगेचं नाव पाचाचं, पण मोजायला गेलं तर नद्या चारच, कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती. पाचवी सरस्वती, ती गुप्त. संगम प्रयाग चिखलीला. पुरात चिखली नावाला जागते, म्हणून तिथल्या लोकांना वस्तीसाठी उंचावर जागा मिळाली ती सोनतळीला. चिखलातून उठून थेट सोन्यात!

काही नावं अगदी घरगुती. राधानगरी हे शाहू महाराजांच्या लेकीचं नाव, जयसिंगपूर त्यांच्या जन्मदात्या वडिलांचं, कागलच्या जयसिंगराव घाटग्यांचं. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पावसाळ्यात ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ ही बातमी आली की नदीकाठी सामान माळ्यावर चढायला लागतं.

वळिवडेची गोष्ट तर ऐकण्यासारखी. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतरही, १९४३ ते १९४८, तिथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बर्फातल्या मुलांनी तिथं शाळा केली, खेळ मांडले. ते गेले, आणि फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली. आज तिथलं गांधीनगर कापडाच्या बाजारासाठी ओळखलं जातं. एवढी उलथापालथ झाली, तरी शेजारी वळिवडे आपलं जुनंच नाव धरून बसलंय.

आता बावड्याचं. कसबा बावडा शहरातच. गगनबावडा घाटमाथ्यावर, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारा. त्याच जिल्ह्यातल्या शिरोळला जेमतेम पाचशेच्या आसपास. तेव्हा ‘बावड्याला चाललोय’ म्हणून घरातनं निघालात, तर आई आधी विचारेल, “कुठल्या?” आणि मगच ठरवेल छत्री द्यायची का नाही ते.