पाय बदलला, बिऱ्हाड तेच

हिंजवडीत अकरा महिन्यांचा करार संपला की टेम्पो येतो. फेज वनमधलं सामान फेज थ्रीत जातं. फ्रिज तोच, पलंग तोच, तुळशीची कुंडीही तीच. मग नव्या घरात पडदे तोकडे पडतात आणि कुरिअरवाला आठवडाभर जुन्याच दारावर टकटक करतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची ड्राइव्ह जुन्या बोर्डावरून नव्यावर नेताना नेमकं हेच होतं.

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक पाय ४ होता. त्याला यूएसबीवर एसएसडी जोडलेली. तिच्यात घरचे फोटो आणि जमिनीखालच्या टाकीची पातळी मोजणारा छोटा प्रोग्रॅम. टँकर कधी मागवायचा ते हा प्रोग्रॅम सांगतो, त्यामुळे फोटोंपेक्षा शेजाऱ्यांना त्याचीच काळजी. बोर्ड बदलून पाय ५ लावायचा ठरलं. ड्राइव्ह इकडची काढायची, तिकडे जोडायची. पाच मिनिटांचं काम वाटलं होतं.

आधी एवढं समजून घ्या, की बोर्डाला वीज मिळाल्यावर ड्राइव्ह लगेच जागी होत नाही. आधी चिपच्या पोटातला कायमचा कोड उठतो. तो बोर्डावरच्या ईईप्रॉममधल्या बूटलोडरला उठवतो आणि बूटलोडर ड्राइव्ह शोधायला निघतो. पाय ३ पर्यंत हा बूटलोडर कार्डावरच असायचा. पाय ४ पासून, म्हणजे २०१९ पासून, तो बोर्डावर गेला. म्हणून तुम्ही ड्राइव्ह नेता तेव्हा बूटलोडर मागेच राहतो आणि नव्या बोर्डावर त्याचा स्वतःचा असतो. कुठे आधी शोधायचं हे तो एका आकड्यावरून ठरवतो आणि तो आकडा उर्दूसारखा उजवीकडून डावीकडे वाचायचा: १ म्हणजे एसडी कार्ड, ४ म्हणजे यूएसबी, ६ म्हणजे एनव्हीएमई, एफ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. एसडीच्या खाचेत एखादं जुनं कार्ड विसरलात तर ते आधी उठेल आणि एसएसडी बसून राहील.

ड्राइव्हवर दोन भाग असतात. पहिल्या छोट्या भागात कर्नल आणि डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावर काय कुठे आहे याचा नकाशा. पाय ४ ची चिप बीसीएम २७११, पाय ५ ची बीसीएम २७१२. त्यामुळे नकाशेही वेगळे. पाय ५ ऑक्टोबर २०२३ मध्ये विक्रीला आला आणि त्याच महिन्यात रास्पबेरी पाय ओएसची ‘बुकवर्म’ आवृत्ती आली. त्याआधीची ‘बुल्सआय’ पाय ५ वर उठत नाही. तुमच्याकडे बुल्सआय असेल तर तिथल्या तिथे अपग्रेड करायच्या फंदात पडू नका. खुद्द रास्पबेरी पायवालेच नव्याने इन्स्टॉल करा म्हणतात. बुकवर्म असेल तर जुना बोर्ड चालू असतानाच सगळं अपडेट करा आणि बूटच्या भागात नावात २७१२ असलेल्या फाइल्स आहेत का ते डोळ्यांनी बघा. नव्या घराची किल्ली जुनं घर सोडण्याआधी हातात हवी.

मग ड्राइव्हची नक्कल करा. डेस्कटॉपवरचं ‘एसडी कार्ड कॉपीअर’ पुरतं. त्यात पार्टिशनला नवीन यूयूआयडी देण्याची खूण असते, ती करा. मूळ भाग, म्हणजे ड्राइव्हवरचा दुसरा भाग, कुठला हे कर्नल यूयूआयडीवरून ओळखतं. दोन्ही ड्राइव्हवर एकच ओळख असेल आणि दोन्ही जोडलेल्या राहिल्या, तर बूट एकीवरून आणि फाइल्स दुसरीवरून असा सावळा गोंधळ होतो.

इथपर्यंत मी सगळं नीट केलं होतं. तरी पाय ५ ला ड्राइव्ह जोडून वीज दिली, तर दिवा लागला आणि पुढे काहीच नाही. केबल बदलली, पोर्ट बदलला. ड्राइव्ह मेली असं धरून मी एक तास स्वतःला बोल लावत बसलो. शेवटी वरून मॉनिटर खाली आणला. पडद्यावर स्वच्छ लिहिलं होतं: यूएसबीवरून बूट करायला ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा सप्लाय हवा. मी लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर लावला होता. पण हे ६५ वॅट २० व्होल्टला. ५ व्होल्टला तो ३ अँपिअरच देतो आणि पाय ५ ला ५ व्होल्टच हवेत. सप्लाय ५ अँपिअरचा नाही असं दिसलं की पाय ५ सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअर सोडतो. पॉवरचं बटण दाबून किंवा कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घालून ही अट टाळता येते. माझं मत विचाराल तर टाळू नका, योग्य अडॅप्टर घ्या. आणि पहिल्या बूटला मॉनिटर जोडा.

पाय ५ उठला, पण नेहमीच्या पत्त्यावर सापडेना. राउटर घरातल्या यंत्रांना त्यांच्या मॅक क्रमांकावरून ओळखतो आणि तो क्रमांक बोर्डाचा असतो, ड्राइव्हचा नव्हे. राउटरमध्ये नवा क्रमांक नोंदवला, प्रश्न मिटला.

टाकीवाला प्रोग्रॅम मात्र अडला. पाय ४ पर्यंत बोर्डावरच्या, सेन्सर जोडायच्या पिना थेट मुख्य चिपला जोडलेल्या होत्या आणि ‘आरपाय जीपीआयओ’ ही जुनी लायब्ररी त्या चिपच्या रजिस्टरांत हात घालून काम करायची. पाय ५ मध्ये पिना ‘आरपी१’ नावाच्या वेगळ्या चिपकडे गेल्या. जुनी लायब्ररी तिथे चालत नाही. ती काढून ‘आरपाय एलजीपीआयओ’ घातली, की बहुतेक प्रोग्रॅम एकही ओळ न बदलता चालतात. दोन्ही एकत्र मात्र नांदत नाहीत.

एक बारीक खोच राहिली. पाय ५ चं कर्नल मेमरी १६ केबीच्या पानांत वाटतं, जुनं ४ केबीच्या. ४ केबी गृहीत धरून बांधलेले काही प्रोग्रॅम सुरू होताच कोसळतात. कॉन्फिगमध्ये जुनंच ६४ बिटचं कर्नल, म्हणजे नावात ८ असलेली फाइल, निवडली की तेही चालतात. वेग थोडा कमी होतो, आमच्या टाकीला त्याने फरक पडत नाही.

जुनी ड्राइव्ह लगेच पुसून दुसऱ्या कामाला लावू नका. आमची पाय ४ सोबत कपाटात, वरच्या फळीवर ठेवली आहे. जोडली की आजही दोन मिनिटांच्या आत टाकीची पातळी दाखवते.