गंजलेल्या जीपगाडीची काटकसरीने दुरुस्ती

मुळशी तालुक्यात भाताची लावणी आषाढात चालते, आणि नेमक्या त्याच दिवसांत ताम्हिणीकडील वाड्यावस्त्यांच्या वाटा चिखलाने अडतात. घाटमाथ्यावर कित्येक वर्षी ६,००० मिलिमीटरांच्या पुढे पाऊस पडतो. अशा जागी खताची पोती, रोपांच्या मुठी व प्रसंगी आजारी माणूस न्यावयाचा तर चारही चाकांनी ओढणारी गाडी फार उपयोगी पडते. नवी गाडी लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची असते. म्हणून कोठे तरी गंजत पडलेली जुनी जीप घेऊन ती उभी करावी, असा विचार अनेकांच्या मनात येतो. विचार वाईट नाही. परंतु दुरुस्तीचा क्रम चुकला तर पैसा व्यर्थ जातो. त्या क्रमाविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

ही गाडी मूळची युद्धातली. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत विलीज व फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून अशा सहा लाखांवर गाड्या बांधल्या. युद्ध संपताच विलीजने ती शेतकामासाठी विकावयास काढली; पुढे महिंद्रांनी मुंबईत तिची जोडणी सुरू केली, आणि तिचा वंश आपल्याकडे अनेक दशके चालला. तिचा बांधा साधा आहे : खाली शिडीसारखी चासी, त्याखाली कमानी पाटे, वर सपाट पत्रा. म्हणूनच गावचा मिस्त्री ती उघडू शकतो, व पुण्याच्या नाना पेठेत हिंडल्यास जुने सुटे भाग हाती लागतात.

आम्ही स्वतः या व्यवहारात एकदा फसलो आहो. ताज्या हिरव्या रंगाची, पहिल्याच चावीला सुरू होणारी जीप पाहून आम्ही भुललो. पहिल्याच पावसाळ्यात पोती भरून उतारावरून येताना मागच्या पाट्याचा आधार चासीपासून फाटून निघाला. गाडी हळू होती व बाजूस खाचराचा बांध होता, म्हणून माणसे वाचली. रंगाखाली लांबी व लांबीखाली निव्वळ गंज होता! इंजिन सुरू होते म्हणजे गाडी चांगली, हा भ्रम त्या दिवशी गेला.

तेव्हा प्रथम चासी पाहावी. गाडीखाली शिरून लहान हातोडीने ती टोकापासून टोकापर्यंत ठोकावी. निरोगी लोखंड खणखणते. कुजलेले बद्द वाजते व पापुद्रे टाकते. पाट्यांचे आधार, आडव्या पट्ट्यांचे सांधे आणि चिखल साचणारे कोपरे विशेष तपासावेत, कारण ओला चिखल लोखंडास महिनोगणती धरून बसतो. या आधारांशीच चासी कुजली असेल तर गाडी कितीही स्वस्त असो, घेऊ नये. केवळ बैठकीखालचा पत्रा गेला असेल तर भिण्याचे कारण नाही. तो कापून नवा बसविता येतो. मात्र वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडवाव्यात व इंधनाची टाकी उतरवून दूर ठेवावी.

दुसरा मान ब्रेकचा. जुन्या नमुन्यांत चारही चाकांचे ब्रेक तेलाच्या एकाच मार्गावर असतात. कोठेही नळी गंजून फुटली की चारही एकदम जातात. नळ्या, रबरी होज व चाकांतील सिलिंडर यांत काटकसर करू नये. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते, म्हणून ते दोन वर्षांनी बदलावे. त्यानंतर स्टिअरिंगचे सांधे, पाट्यांचे बुश, मग इंजिन, आणि सर्वांत शेवटी रंग.

गंज काढताना तो तारेच्या ब्रशाने व पॉलिश कागदाने लोखंड दिसेपर्यंत घासावा, भाग पूर्ण कोरडा करावा, त्यावर रेडऑक्साइडचा हात द्यावा व मग रंग चढवावा. हे काम चैत्र-वैशाखात करावे. ओलीत दिलेला रंग गंज झाकतो, थांबवीत नाही. चासीस जळके ऑइल फासण्याची चाल आहे, ती सोडावी. त्याने रबर फुगते, व तेच ऑइल पावसाने खाचरात व ओढ्यात उतरते. तळाची पाणी जाण्याची छिद्रे मोकळी ठेवावीत, आणि खत वाहिल्यावर गाडी धुवावी. खतातील क्षार पत्रा झपाट्याने खातात.

कागदांकडेही दुर्लक्ष नको. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते व पुढे तपासणीनंतर ५-५ वर्षांसाठी नवी करावी लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमामुळे गाडीच्या नोंदलेल्या मूळ बांध्यात मनमानी फेरफार करता येत नाही. चासीवरील व इंजिनावरील क्रमांक कागदाशी जुळल्याखेरीज पैसे मोजू नयेत.

असो. ज्यास रुपया जपून खर्चावयाचा आहे, त्याने तो आधी चासीत, मग ब्रेकमध्ये, मग इंजिनात घालावा. रंगास काही उरले नाही तरी चालेल. विटक्या रंगाची परंतु भक्कम गाडी माणसास घरी परत आणते. आमच्या शेतकरी बंधूंनी एवढे ध्यानी ठेविले तरी आमचा तोटा सार्थकी लागला असे आम्ही समजू.