काट्यावरची घट

शंभर किलो कापूस जिनमध्ये शिरला, की साधारण ३४-३५ किलो रुई आणि ६३-६४ किलो सरकी बाहेर पडते. उरलेल्या एक-दोन किलोंना व्यापारी भाषेत ‘घट’ म्हणतात. ही घट जाते कुठे? थोडी ओल वाफ होऊन जाते. बाकीची धूळ, पाचोळा आणि हवेत उडणारे तंतू. वहीत जे नुकसान म्हणून मांडलं जातं, तेच कामगाराच्या छातीत जाऊन बसतं. वर्षानुवर्षं कापसाची धूळ श्वासात गेली, तर ‘बिसिनोसिस’ नावाचा फुप्फुसाचा विकार जडतो. त्याची खूण विलक्षण आहे: आठवड्याच्या सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती सर्वांत जास्त आवळते.

अशा जिनांचं एक गाव म्हणजे पाचोरा, जळगाव जिल्ह्यातल्या कपाशीच्या पट्ट्यातला तालुका. मुंबई-भुसावळ लोहमार्गावरचं हे स्थानक. इथूनच ५६ किलोमीटरची ‘पीजे’, म्हणजे पाचोरा-जामनेर ही अरुंद रुळांची गाडी शेंदुर्णी, पहूरमार्गे जामनेरला जाई. कपाशी आणि रेल्वे एकत्र आली, की तिथे जिनिंग-प्रेसिंग आलंच.

आपल्याकडे मुख्यतः डबल रोलर जिन चालतात. रोलरच्या खरखरीत पृष्ठभागाला तंतू चिकटतात आणि स्थिर सुरीखालून ओढले जातात. सरकी त्या फटीतून जाऊ शकत नाही. हलती सुरी तिला ठोकून मोकळी करते. करवती जिनपेक्षा या पद्धतीत धाग्याची लांबी चांगली टिकते. मात्र क्रोम वापरून कमावलेल्या चामड्याचे रोलर घासले जातात, तेव्हा क्रोमियम असलेली भुकटी उडते. म्हणून रबर आणि सुती कापडाचे थर दिलेले, क्रोमविरहित रोलर तयार करण्यात आले. सुटा भाग तोच, पण त्याचं साहित्य बदललं की धुळीतलं विषही कमी होतं.

घट रोखायची, तर आधी उधळपट्टी ओळखावी लागते. जपानमध्ये टोयोटाचे अभियंते ताइइची ओनो यांनी कारखान्यातली उधळपट्टी सात प्रकारांत मांडली. तिला जपानीत ‘मुदा’ म्हणतात. गरजेपेक्षा जास्त उत्पादन, थांबून राहणं, मालाची उगाच ने-आण, नको तितकी प्रक्रिया, साठून राहिलेला माल, माणसाची अनावश्यक हालचाल आणि सदोष माल, हे ते सात प्रकार. जिनच्या आवारात ते सहज ओळखू येतात. मातीवर टाकलेल्या गंजीत धूळ मिसळते. डोक्यावरून वाहिलेला कापूस वाटेत सांडतो. रुई गरजेपेक्षा जास्त वेळा साफ केली, तर धागा तुटतो. सुतळीचा किंवा प्लास्टिकच्या पोत्याचा एखादा तुकडा गाठीत गेला, तर तो पुढे सूतगिरणीत कापड बिघडवतो.

केंद्र सरकारच्या २००० सालच्या कापूस तंत्रज्ञान अभियानाचा एक भाग जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणासाठी होता. पक्के ओटे, कापूस हवेने खेचून नेणाऱ्या नळ्या, सरकी वाहणारे स्क्रू कन्व्हेअर, ओलावा राखण्याची सोय अशा सुधारणा त्यातून अनेक जिनांमध्ये आल्या. हेतू गुणवत्तेचा होता, पण सांडणं आणि धूळही त्यानेच आटोक्यात येते.

घट सोडली, तर कापसाचं काहीच टाकाऊ नाही. रुईच्या १७० किलोंच्या गाठी बांधतात. सरकीतून तेल निघतं आणि ढेप गुराढोरांपुढे जाते. जिनमधला कचरा कुजवून खत होतं. शेतात उरलेल्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, भुगा दाबून ब्रिकेट केल्या, तर बॉयलरला इंधन मिळतं. शिवाय पऱ्हाट्या वेळेत उपटून हलवल्या, की त्यांना लागून राहिलेल्या बोंडांतल्या गुलाबी बोंडअळीचा मुक्कामही मोडतो. त्या बांधावर जाळल्या, तर इंधनाचा धूर होतो.

लहान उद्योगांसाठी सरकारी मदतही आहे. ‘झेड’, म्हणजे शून्य दोष आणि पर्यावरणावर शून्य परिणाम, ही योजना २०१६ साली आली. मार्च २०२३ मध्ये सुरू झालेल्या, अशीच उधळपट्टी कमी करण्यासाठीच्या ‘लीन’ योजनेत सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्र सरकार उचलतं. पण पहिलं पाऊल मालकाला फुकटात टाकता येतं. आवारात शिरणाऱ्या कापसाचं आणि बाहेर जाणाऱ्या रुई-सरकीचं वजन रोज लिहायचं, दोन्हींमधल्या फरकावर बोट ठेवायचं आणि हे किलो कुठे उडाले ते शेडमध्ये जाऊन शोधायचं. त्या वेळी नाकातोंडाला रुमाल बांधावा लागला, तर उत्तर तिथेच मिळालं.