वर्षअखेर मुलाला काय यावे?

आपल्या बेटावर संध्याकाळचा संगीताचा किंवा नृत्याचा वर्ग सुरू होतो, तेव्हा बहुधा एक कागद तयार होतो: यंदा काय शिकवायचे. पाच भजने, दोन राग, एक झाकरी, गणेशोत्सवाचा कार्यक्रम. हा कागद शिक्षकाच्या कामाचा झाला. वर्षअखेर मुलाला स्वतःहून काय करता यावे, हे त्यात नसते. शिक्षणशास्त्रात यालाच अध्ययन निष्पत्ती म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट साधी आहे.

‘मुलाला तीनताल समजेल’ असे लिहिले, तर ते तपासायचे कसे? मान डोलावणारे मूलही समजल्यासारखेच दिसते. त्याऐवजी असे लिहावे: ‘विद्यार्थी १६ मात्रा हातावर धरून, नवव्या मात्रेवर खाली दाखवून, लय न सोडता चार आवर्तने म्हणून दाखवील.’ आता काय ऐकायचे ते शिक्षकाला कळते, काय घोटायचे ते मुलाला कळते, आणि दाराशी वाट पाहणाऱ्या आजीलाही कळते.

सुराचेही तसेच. आपल्या वर्गांत पेटी सतत मुलांच्या आवाजाला टेकू देत असते. ती मध्येच थांबवून पाहा. पुष्कळांचा षड्ज घसरतो. ‘पेटी थांबल्यावरही विद्यार्थी आपला षड्ज सोडणार नाही’ एवढी एकच निष्पत्ती पहिल्या वर्षी साधली, तर पाचाऐवजी तीनच भजने झाली तरी बिघडत नाही, असे माझे मत आहे. पुढच्या मुलांनी भूप आणि देसकार ऐकून ओळखावेत. दोन्हींचे स्वर तेच पाच. पण भूपात गंधार मुख्य, देसकारात धैवत. नुसते आरोह-अवरोह पाठ करून हा भेद कळत नाही, कान तयार व्हावा लागतो.

पायरीपायरीने शिकवण्याची ही वाट घालून देण्यात दोन मराठी माणसांचा मोठा वाटा आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले. पं. भातखंडे यांनी घराण्यांतल्या चिजा स्वरलिपीत उतरवून क्रमिक पुस्तकांत छापल्या. घरात कोंडलेली विद्या त्यामुळे वर्गात आली. मात्र वर्गाबरोबर परीक्षा आली आणि परीक्षेबरोबर प्रमाणपत्राची हौसही.

येथे एक सावधगिरी हवी. एलियट आयस्नर या अमेरिकन कलाशिक्षणतज्ज्ञाने १९६९ साली उद्दिष्टांचे दोन प्रकार मांडले. कौशल्याचे उद्दिष्ट आधी नेमके लिहिता येते. दुसऱ्या प्रकारात मुलाला फक्त एक अनुभव, एक आव्हान द्यायचे. त्यातून काय निघेल ते आधी ठरवायचे नाही. चित्रकलेच्या वर्गात तीस मुलांनी एकसारखाच गणपती रंगवला, तर निष्पत्ती पूर्ण झाली म्हणावे की वर्ग फसला? म्हणून कागदावर एक ओळ मोकळी ठेवावी: ‘विद्यार्थी स्वतःची चाल किंवा स्वतःचे चित्र रचील आणि ते तसे का केले हे सांगेल.’

हे सर्व आपल्याला निकडीचे आहे ते झाकरीमुळे. कोकणातल्या जाखडीशी नाते सांगणारी ही कला पणजोबांबरोबर बोटीतून आली. मुख्य गायकाने ओळ टाकायची, गोलातल्यांनी ती उचलायची. लय केव्हा चढवायची हे कोठे लिहिलेले नव्हते. आज मुलांना शब्द रोमन लिपीत लिहून मिळतात आणि गाणे मोबाइलवर लागते. कार्यक्रम सुरेख होतो, टाळ्याही पडतात. पण तो आवाज बंद पडला तर ओळ टाकणार कोण? सेगा २०१४ साली आणि भोजपुरी गीत-गवई २०१६ साली युनेस्कोच्या यादीत गेली, याचा आपल्यालाही अभिमान आहे. पण यादीत नाव आल्याने गायक तयार होत नाही.

म्हणून झाकरीची निष्पत्ती अशी लिहावी: ‘विद्यार्थी आठ-दहा जणांच्या गोलात निदान एक झाकरी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत स्वतः चालवील, आणि तिचा अर्थ धाकट्या भावंडाला क्रिओलमध्ये सांगेल.’ जुने झाकरीवाले आजोबा हयात आहेत तोवर परीक्षक म्हणून त्यांनाच बोलवावे. गुण देण्यात ते कडक असतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवलेले बरे.